खाली माग, वर तबकडी

सोलापूरच्या पूर्वभागात, साखर पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक या पट्ट्यात, एका घरात दोन जगं नांदण्याची रीत जुनी आहे. खाली यंत्रमाग, वर संसार. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराला चादरीचं शहर केलं, आणि मागाची खटखट इथल्या माणसाच्या झोपेत इतकी मुरली की माग बंद पडला तरच जाग यावी. अशा घराच्या वरच्या मजल्यावर कुणी हौसेने रेकॉर्ड प्लेअर मांडला, तर त्याला काय ऐकू येईल? घरातल्या ध्वनियंत्रणेच्या मांडणीबद्दल जे काही शिकण्यासारखं आहे, ते जवळजवळ सगळं या एका प्रश्नात सापडतं.

पहिल्या तपासणीला उपकरण लागत नाही. स्टीलची एक वाटी पाण्याने भरा, प्लेअर ठेवायचा आहे त्या जागी ठेवा आणि पाण्यात दिसणाऱ्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाकडे पाहा. पायाला काहीही जाणवत नसताना ती पांढरी रेघ थरथरताना दिसेल. आता वाटी खोलीच्या मध्यावर ठेवा, मग भिंतीलगत, मग दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात. प्रत्येक ठिकाणी थरथर वेगळी असेल. हा खेळ अर्धा तास खेळलेल्या माणसाला कुठल्याही दुकानदाराने फारसं काही सांगायची गरज उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ती थरथर एवढी महत्त्वाची का, हे कळायला सुईच्या टोकापर्यंत खाली उतरावं लागतं. १९४८ साली आलेल्या एलपी तबकडीची खाच माणसाच्या केसाच्या जाडीएवढीच, आणि तिच्या भिंतींवर कोरलेल्या नागमोडी वळणांमध्ये संगीत साठवलेलं. बारीक स्वरांची वळणं तर मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, लहान असतात. सुईला एवढंच कळतं की आपण तबकडीच्या संदर्भात हललो. हलवणारी खाच होती, मोटर होती की खालचा माग होता, हे तिला सांगता येत नाही. ती सगळंच सारख्या इमानाने अ‍ॅम्प्लिफायरकडे पोचवते.

त्यात एक भर आहे. तबकडी कापताना खर्जातले स्वर मुद्दाम दाबून कोरतात, नाहीतर त्यांची वळणं इतकी रुंद होतील की शेजारच्या खाचेत घुसतील. वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर ते पुन्हा उचलून धरतो. हे प्रमाण १९५४ साली ठरलं आणि पुढे जगभर रूढ झालं. सेकंदाला २० कंपनं म्हणजे २० हर्ट्झ; तिथे हे उचलणं मधल्या पट्टीच्या तुलनेत सुमारे नऊपट असतं. म्हणजे जमिनीतून येणारी मंद थरथर नेमकी त्या पट्टीत येते जिथे यंत्र सगळ्यात उदार आहे. रेकॉर्ड वाजताना कुठलाही मोठा स्वर नसतानाही वूफरचा पडदा पुढे-मागे डोलताना दिसला, तर तो हाच प्रकार. कानाला काही ऐकू येत नाही, पण अ‍ॅम्प्लिफायरची ताकद त्या मुक्या डोलण्यात खर्च होते आणि वरचा स्वर गढूळ होतो.

आता माग. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, तिथे अडवला जातो, आणि दर फेरीला फणीची जड चौकट पुढे येऊन बाण्याचा धागा कापडाला ठोकून बसवते. जुना धोट्याचा माग मिनिटाला १५० ठोके देतो असं धरलं, तर सेकंदाला अडीच ठोके झाले, म्हणजे २.५ हर्ट्झ. पण ठोका हा झुल्यासारखा मऊ नसतो. तो धडक असतो, आणि धडकेत मूळ लयीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या लयीही भरलेल्या असतात: ५, ७.५, १० हर्ट्झ आणि पुढे. शेजारचा माग मिनिटाला १४७ ठोके देत असेल, तर दोघांचे ठोके दर वीस सेकंदांनी जुळतात आणि पुन्हा फाकतात. वाटीतल्या पाण्याची थरथर तशी वाढते आणि ओसरते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, खाली कुणीतरी वेग कमीजास्त करतंय. तसं काही नव्हतं. दोन मागांची एकमेकांत गुंतलेली लय होती ती.

या आकड्यांतला १० लक्षात ठेवा. सुईची दांडी ज्या लवचीक रबरावर बसवलेली असते ते एक स्प्रिंग आणि तिच्यावर टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताचं, वजन. कुठलंही वजन स्प्रिंगला टांगलं की त्या जोडीला स्वतःची एक लय मिळते. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, कागदावर लवचीकतेचा आकडा दिलेला असतो. तो १५ असेल आणि टोनआर्मसह एकूण हलतं वजन २० ग्रॅम असेल, तर त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून १५९ ला त्याने भागायचं: उत्तर सुमारे ९ हर्ट्झ. ही लय ८ ते १२ च्या दरम्यान असावी असा संकेत आहे, कारण त्याखाली वाकड्या तबकडीची वर-खाली हालचाल असते आणि त्यावर संगीत सुरू होतं. पण याच पट्टीत मागाच्या ठोक्याची चौथी लय पडते. घरातल्या सिमेंटच्या स्लॅबची स्वतःची लयही ढोबळमानाने दहा-वीस हर्ट्झच्या आसपास असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला छोटा धक्काही त्याला उंच नेतो. इथे तसे तीन झोपाळे एकाच तालावर आलेले असतात.

मग लोक प्लेअरखाली रबर ठेवतात. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडं थांबून हिशेब करू. कुठल्याही गादीची किंवा स्प्रिंगची लय ती वजनाखाली किती दबते यावरून कळते: दबणं मिलिमीटरमध्ये मोजा, त्याचं वर्गमूळ काढा, १५.८ ला त्याने भागा. रबरी चकती अर्धा मिलिमीटर दबली तर लय २२ हर्ट्झ येते. आणि नियम असा की स्वतःच्या लयीच्या सुमारे दीडपटीच्या खाली कुठलीही गादी काहीही अडवत नाही. लयीच्या आसपास तर ती थरथर वाढवते. म्हणजे ती चकती ३१ हर्ट्झच्या वरचंच अडवणार. मागाचे मुख्य ठोके आणि माणसाच्या चालण्याची सेकंदाला दोन पावलं, दोन्ही तिच्याखालून निवांत निघून जातात. रबर प्रत्यक्ष कंपनात स्थिर वजनाखाली असतं त्याहून ताठ वागतं, त्यामुळे खरा आकडा याहूनही वाईट.

मऊ स्प्रिंगचं काय? अमेरिकेतल्या एडगर विल्चर यांनी १९६१ साली अ‍ॅकॉस्टिक रिसर्च या आपल्या कंपनीसाठी जो रेकॉर्ड प्लेअर केला, त्यात तबकडीची थाळी आणि टोनआर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगत ठेवली होती. पेटीवर लाकडी हातोडी मारली तरी सुई उडत नाही, असं प्रात्यक्षिक ते दाखवत. पुढे स्कॉटलंडच्या लिन कंपनीनेही आपल्या सोंडेक प्लेअरसाठी तरंगत्या चौकटीचीच वाट धरली. अशा चौकटीची लय साडेतीन हर्ट्झ असली तर १० हर्ट्झची थरथर सातव्या हिश्श्यावर येते, ही मोठी कमाई आहे. पण २.५ हर्ट्झचा मूळ ठोका? तो दुप्पट होतो. हातोडीच्या परीक्षेत उत्तम उतरलेलं यंत्र मागाच्या घरात कधी कधी साध्या घट्ट प्लेअरपेक्षा जास्त डुलतं, त्याचं कारण एवढंच. त्या यंत्रात काहीही खोट नसते.

म्हणून मागाच्या घरात उपाय खालून सुरू करावा. मागाच्या चारही पायांखाली जाड कंपरोधक पॅड घातले, पायाचे बोल्ट तपासून घट्ट केले, तर वर येणारा धडकेचा कडक भाग उगमापाशीच कमी होतो. हे मागवाल्यालाही फायद्याचं आहे, कारण ज्या धडकेने वरची सुई हलते तीच मागाचे जोड सैल करते. ते शक्य नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायरवर २० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर असेल तर तो चालू करा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. त्या तबकड्यांतलं संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. स्टिरिओ कार्ट्रिज मात्र उभी हालचालही वाचतं. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण मोनोवर नेलं की दोन्ही बाजू बेरजेत येतात आणि उभी थरथर आपसांत कटते. बालगंधर्वांची किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड लावून हे बटण एकदा फिरवून पाहा. स्वरामागची खालची घरघर बरीच मागे सरते. मागाची फणी आडवी हलते, त्यामुळे तिचा मूळ ठोका मात्र या युक्तीने पूर्ण जात नाही.

जागेचा विचार आता. स्लॅब मध्यावर सगळ्यात जास्त लवतो आणि भिंतीपाशी किंवा बीमवर सगळ्यात कमी. तेव्हा प्लेअरची तिवई भिंतीला लागून, शक्यतो खालच्या भिंतीच्या थेट वर हवी. त्याहून चांगलं म्हणजे भिंतीतच बसवलेली फळी, कारण चालणाऱ्या माणसाचं पाऊल जमीन हलवतं, भिंतीला फारसं हलवत नाही. पण भिंत नऊ इंची हवी. चार इंची पडदीची भिंत स्पीकरसमोर स्वतःच डफासारखी थरथरते. आणि ज्यांच्या नशिबात जुनं माळवदाचं घर आहे, त्यांच्याकडे दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांत कोरलेल्या देवळ्या आहेत. तळमजल्यावरची रुंद, खोल देवळी म्हणजे टर्नटेबलसाठी याहून स्थिर जागा मी पाहिलेली नाही. शोरूममधला महागडा रॅक तिच्याजवळ पोचत नाही.

फळीवर काय घालावं? सोलापुरात याचं उत्तर पायाखालीच आहे: शहाबादी फरशी. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारा हा चुनखडीचा दगड जड आहे, सपाट आहे, आणि हातोडीने ठोकला तर लोखंडी पत्र्यासारखा फार वेळ वाजत राहत नाही. दीड फूट चौरस तुकडा, खाली अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब, वर प्लेअर: ही जुनी घरगुती युक्ती बऱ्याच तयार पायांपेक्षा सरस ठरते. ट्यूब हवेची स्प्रिंग होते आणि दगडाचं वजन तिची लय खाली आणतं. हवा कमी ठेवायची. ट्यूब फुगून टणक झाली की ती पुन्हा रबरी चकतीच. एक काळजी मात्र घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त करणाऱ्या भूकंपाचा धक्का सोलापुरातही जाणवला होता. डोक्याच्या उंचीवर सुटा दगड किंवा जड स्पीकर ठेवू नये, आणि उंच रॅक भिंतीला बांधलेला असावा.

इतका वेळ जमिनीतून येणाऱ्या कंपाबद्दल बोललो. दुसरा कंप हवेतून येतो, आणि तो पाठवणारा आपलाच स्पीकर असतो. आवाज वाढवला की स्पीकरचा खर्ज प्लेअरला हलवतो, सुई तो उचलते, अ‍ॅम्प्लिफायर तो पुन्हा स्पीकरला देतो, आणि हे चक्र वाढत जाऊन घूं असा हुंकार सुरू होतो. हुंकार येण्याआधीही ते चक्र थोडं चालूच असतं. खर्ज जाड, चिकट वाटतो. तेव्हा स्पीकर आणि प्लेअर एकाच फळीवर, एकाच शोकेसमध्ये कधीही नकोत. खोलीच्या कोपऱ्यात खर्जाचा दाब सगळ्यात जास्त साठतो, म्हणून बांधकामाच्या दृष्टीने सगळ्यात ताठ असलेला कोपरा हवेच्या दृष्टीने सगळ्यात वाईट ठरतो. भिंत धरा, कोपऱ्यापासून तीन-चार फूट सरका, हा त्यातला मध्य. वाजवताना प्लेअरचं झाकण पूर्ण काढून ठेवा. ते पातळ प्लास्टिकचं शीड आहे, हवेतला प्रत्येक धक्का झेलतं.

पातळ आणि पोकळ वस्तू आवाज कसा घेते, हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. पंढरपूरच्या बाजूला, भीमेकाठच्या शेतांत, मोठाले कडू भोपळे वाढवतात आणि ते मिरजेला जाऊन तंबोरे आणि सतारी होतात. तारेचा कंप घोडीवरून तबलीत आणि तबलीतून भोपळ्याच्या पोकळीत उतरतो, म्हणून एवढीशी तार खोली भरते. वाळलेल्या भोपळ्याची पातळ, हलकी भिंत तिथे मोलाची. घरातली पातळ प्लायची, मागे पत्रा आणि पुढे काच असलेली शोकेस हाही तसाच एक भोपळा आहे, फक्त तो कुणी सुरात लावलेला नाही. तंबोऱ्याची रेकॉर्ड ऐकताना मला मिरजेतल्या कारागिराने घडवलेला भोपळा ऐकायचा असतो, आपल्या दिवाणखान्यातला नाही. मोबाइलवरून स्पीकरला २० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एक स्वर द्या आणि घरभर फिरा. कुठल्या स्वराला शोकेसची काच बोलते, कुठल्या स्वराला स्वयंपाकघरातली ताटं, ते टिपून घ्या. काचेच्या कडेला फेल्टची पट्टी आणि ताटांमध्ये एखादा पंचा, एवढ्याने निम्मं काम होतं.

स्पीकरच्या पायांवर फार लिहिलं जातं. मी थोडक्यात लिहितो. पडद्याचं वजन २५ ग्रॅम आणि पेटीचं १० किलो असेल, तर पडदा चार मिलिमीटर पुढे गेल्यावर पेटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी मागे सरते. टोकदार पायांनी ती जमिनीला घट्ट धरली जाते, मऊ पायांनी जमिनीपासून तुटते. खालच्या मजल्यावर कुणी झोपलेलं असेल तर मऊ पाय घ्या. पोकळ लोखंडी स्टँड असेल तर त्यात चाळलेली, उन्हात वाळवलेली वाळू भरा. कण एकमेकांवर घासून नळीचा टणत्कार गिळतात. त्यापलीकडे जागेचा परिणाम पायांच्या कितीतरी पट मोठा असतो. स्पीकरचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर भिंतीवरून परतलेला आवाज १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला कापतो, तिथे खड्डा पडतो. दहा बाय बाराची खोली आणि छतही दहा फुटांवर असेल, तर रुंदी आणि उंची दोन्ही ५६ हर्ट्झला घुमतात आणि त्या एका स्वरापाशी सगळं फुगतं. अशा खोलीत बसायची खुर्ची भिंतीला टेकवू नका, बरोबर मध्यावरही नको. लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसा.

चादरीला इथे काम आहे, पण प्लेअरखाली नाही. घडी घातलेली चादर प्लेअरखाली घातली तर तो एका अंगावर कलतो आणि सुईचा दाब खाचेच्या एका भिंतीवर जास्त पडतो. तीच चादर समोरच्या भिंतीवर टांगा, भिंतीला चिकटवून नको, चार इंच सोडून. हवेच्या लाटेचे कण भिंतीपाशी जवळजवळ हलत नाहीत. लाटेच्या लांबीच्या पाव अंतरावर सगळ्यात जास्त हलतात, आणि धाग्यांत अडकून दमतात ते तिथेच. चार इंचांवर ही गोष्ट साडेआठशे हर्ट्झच्या आसपास घडते, म्हणजे गळ्याच्या पट्टीत. भिंतीला चिकटलेली चादर फक्त वरची चकाकी खाते आणि खोली कोंदट वाटू लागते. आणि स्पीकरच्या पेटीला हवेचं भोक असेल व खर्ज घुमत असेल, तर सोलापुरी नॅपकिनची सैल गुंडाळी त्या भोकात सरकवून ऐका. पैसे न लागणारा यासारखा दुसरा प्रयोग नाही.

बाकीच्या यंत्रांची गोष्ट छोटी आहे. सीडी प्लेअरमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय तबकडीच्या आकड्यांतच असते, तो माफक थरथर सोसतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला हवा खेळती हवी, बाकी काही नको. जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र जपा. व्हॉल्व्हच्या आतली बारीक जाळी हलली की तीच आवाज बनते. पेन्सिलीने काचेला हलकं टिचकवा, स्पीकरमधून टण्ण ऐकू आलं तर तो व्हॉल्व्ह स्पीकरपासून दूर आणि मऊ पायांवर ठेवावा.

शेवटी इथल्या ऋतूंचं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा हवेतला आवाजाचा वेग वाढतो आणि तो ५६ हर्ट्झचा घुमार ५८ वर सरकतो. हे कानाला क्वचितच कळतं. पण त्याच उन्हात रबर मऊ पडतं, ट्यूबमधली हवा फुगते आणि पश्चिमेच्या खिडकीजवळ कलती ठेवलेली तबकडी वाकते. तबकड्या उभ्या, एकमेकींना टेकून, सावलीत. पावसाळ्याचं दुखणं खालून येतं. काळ्या मातीवर उभं असलेलं घर पाऊस पडला की किंचित उचलतं आणि उन्हाळ्यात माती भेगाळली की किंचित बसतं. चौकटीच्या कोपऱ्यातल्या तिरक्या भेगा पाहिल्या तर हे कळतं. मार्चमध्ये गवंड्याची पाणसळ लावून अगदी समतल केलेला प्लेअर ऑगस्टमध्ये समतल असेलच असं नाही. तेव्हा मृग नक्षत्राच्या सरी बरसून पंधरा-वीस दिवस झाले की थाळीवर पाणसळ आडवी ठेवा, मग उभी ठेवा, बुडबुडा ज्या बाजूला पळेल ती बाजू पायाच्या अर्ध्या फेऱ्याने खाली उतरवा, आणि ती पाण्याची वाटी पुन्हा एकदा फळीवर ठेवून पाहा.